विश्लेषण : हेडफोनची चौकशी आठवडाभर, मग उमेदवाराची किती? ‘बाहेरच्या’ला पाठिंबा देण्याआधी काय तपासावे?

आष्ट्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला दीड हजाराचा गेमिंग हेडफोन घ्यायचा असला, तर तो आठवडाभर मोबाइल चाळतो. दहा व्हिडीओ पाहतो, मित्राचा हेडफोन कानाला लावून बघतो, वाईट शेरे आधी वाचतो, परत करण्याची मुदत पाहतो आणि मगच पैसे भरतो. त्याच विद्यार्थ्याला निवडणुकीत एखादा नवा, पक्षाबाहेरचा उमेदवार आवडला, तर मात्र त्याचा निर्णय बहुतेक वेळा एका रीलवर होतो. उमेदवाराचे शपथपत्र तो उघडत नाही.

हेडफोन बिघडला तर दीड हजार जातात, उमेदवार चुकला तर पाच वर्षे जातात. म्हणून दोन्ही निवडी शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे आहे. आष्टा ज्या हातकणंगले लोकसभा मतदारसंघात येते, तिथे आणि शेजारच्या सांगलीत ‘बाहेरच्या’ उमेदवारांचा इतिहास राज्यात क्वचितच कुठे इतका बोलका असेल.

गेमिंग हेडफोन साध्यापेक्षा वेगळा कसा?

गाणी ऐकताना आवाज अर्धा सेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्ससारख्या खेळात मात्र शत्रूच्या पावलांचा आवाज डावीकडून येतोय की मागून, हे तत्क्षणी कळावे लागते. म्हणून गेमिंग हेडफोनमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या : आवाज किती उशिरा पोहोचतो, दिशा किती स्पष्ट कळते आणि माइकमधून साथीदारांना आपले बोलणे नीट ऐकू जाते का. बाकी रंगीत दिवे, कानावरचा सिंहाचा शिक्का, ‘प्रो’ आणि ‘अल्ट्रा’ अशी नावे ही सजावट झाली.

वायर, ब्लूटूथ की डोंगल?

वायरच्या हेडफोनमध्ये उशीर जवळपास शून्य असतो. साध्या ब्लूटूथवर तो अनेकदा दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांपर्यंत जातो. गोळी सुटलेली दिसते आणि आवाज नंतर येतो, तो यामुळेच. ‘गेमिंग मोड’ असलेले ब्लूटूथ हेडफोन हा उशीर बराच कमी करतात, पण फोन आणि हेडफोन या दोघांचीही त्यासाठी साथ लागते. ब्लूटूथची आणखी एक अडचण खोक्यावर लिहिलेली नसते. माइक सुरू झाला, की अनेक हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि खेळाचा आवाज एकदम चपटा होतो. नेमके साथीदारांशी बोलताना दिशा कळेनाशी होते.

तिसरा पर्याय २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा. त्यात उशीर वायरच्या जवळपास जाणारा, पण किंमत जास्त. शिवाय बरेच डोंगल संगणकाच्या यूएसबीसाठी असतात. मोबाइलवर खेळायचे असेल तर टाइप-सी डोंगल आहे का, हे आधी पाहावे. हजार-दीड हजारांचे बजेट असेल, तर चांगला वायरचा हेडफोन हाच शहाणपणाचा सौदा. फोनला ३.५ मिलिमीटरचे छिद्र नसेल तर टाइप-सीचा जोडतुकडा लागतो. काही फोनना त्या जोडतुकड्यातच आवाजाची चिप असावी लागते, अन्यथा आवाजच येत नाही. तो तुकडा दुकानातच लावून पाहणे बरे.

खोक्यावरचे कोणते आकडे फसवे?

पहिला आकडा ‘७.१ सराउंड’. स्वस्त हेडफोनमध्ये प्रत्येक कानात एकच स्पीकर असतो, सात दिशांचा भास सॉफ्टवेअर करते. अनेकदा त्यातून आवाज घुमतो आणि दिशा उलट अस्पष्ट होते. चांगला साधा स्टिरिओ पुरेसा असतो. दुसरा आकडा ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, असे नाही. ४० मिलिमीटरचा नीट जुळवलेला ड्रायव्हर ढणढण बास देणाऱ्या ५० मिलिमीटरला मागे टाकतो, कारण जादा बासखाली पावलांचा आवाज दबतो. तिसरा शब्द ‘नॉइज कॅन्सलेशन’. हे माइकचे आहे की कानाचे, ते विचारावे. माइकमधील सोय समोरच्याला आपल्या घरचा पंखा ऐकू जाऊ नये म्हणून असते, आपल्याला शांतता मिळावी म्हणून नव्हे.

जे आकडे खरेच पाहायचे, ते सहसा बारीक अक्षरात असतात. मोबाइलसाठी १६ ते ३२ ओहमचा हेडफोन योग्य, त्याहून फार जास्त असेल तर आवाज बारीक येतो. वजन ३०० ग्रॅमच्या आत असावे. कृत्रिम चामड्याची गादी आष्ट्याच्या एप्रिल-मे महिन्यांत कानाला घाम आणते आणि वर्षभरात सोलवटू लागते, कापडी गादी जास्त सुसह्य. वायर आणि गादी बदलता येते का, हेही विचारावे, कारण बहुतेक हेडफोन आधी तिथेच बिघडतात.

कान आणि बिल या दोन गोष्टी का विसरू नयेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज ९० डेसिबलवर गेला, की ही मर्यादा आठवड्याला फक्त ४ तासांवर येते. रोज रात्री दोन तास पूर्ण आवाजात खेळणारा दोन-तीन दिवसांतच ती ओलांडतो. कानात शिटी वाजल्यासारखे होत असेल, तर तो इशारा समजावा.

बिनतारी हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला, की उत्पादक खरा की खोटा ते कळते. बिल मागून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आष्ट्याचा ग्राहक दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध सांगलीतच दाद मागू शकतो. खरेदीत ग्राहकाच्या मागे एवढा कायदा उभा आहे. मतदाराच्या मागे काय आहे, हे पाहिले की खरा फरक कळतो.

‘बाहेरचा’ उमेदवार नेमका कोणाला म्हणायचे?

या एका शब्दात तीन वेगळे लोक बसतात. पहिला, भूगोलाने बाहेरचा. त्याला आपल्याकडे सरसकट ‘पार्सल’ म्हणतात. लोकसभेसाठी देशातील कुठल्याही मतदारसंघाचा मतदार उभा राहू शकतो, विधानसभेसाठी त्याच राज्याचा मतदार असावे लागते आणि नगरपरिषदेसाठी त्या शहराच्या यादीत नाव लागते. भूगोलाने बाहेरचा असणे हा दोष नव्हे. याच वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले होते.

दुसरा, पक्षाबाहेरचा, म्हणजे अपक्ष किंवा बंडखोर. तिसरा, राजकारणातील घराणी, कारखाने, संस्था यांच्या वर्तुळाबाहेरचा. मतदाराला बहुतेक वेळा हा तिसरा हवा असतो, पण प्रचारात दुसऱ्यालाच तिसरा म्हणून सादर केले जाते. खोक्यावर ‘७.१’ आणि आत दोनच स्पीकर, तसाच हा प्रकार.

२००९ मध्ये हातकणंगलेत काय घडले?

मतदारसंघ पुनर्रचनेनंतर हातकणंगलेची पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. तत्कालीन खासदार निवेदिता माने राष्ट्रवादी काँग्रेसकडून उभ्या होत्या. समोर स्वाभिमानीचे राजू शेट्टी. साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, घराण्यात आमदार-खासदार नाही. गावोगावच्या ऊस उत्पादकांनी ‘एक नोट, एक वोट’ म्हणत वर्गणी काढली आणि शेट्टी सुमारे ९५ हजार मतांनी निवडून आले. २०१४ मध्ये, तेव्हा महायुतीसोबत असताना, काँग्रेसच्या कल्लाप्पा आवाडे यांच्याविरुद्ध त्यांचे मताधिक्य पावणेदोन लाखांवर गेले.

हा विजय रीलवर मिळालेला नव्हता. त्याआधी उसाच्या दरासाठी अनेक वर्षांची आंदोलने होती, जयसिंगपूरच्या ऊस परिषदा होत्या. २००२ मध्ये जिल्हा परिषद आणि २००४ मध्ये शिरोळमधून अपक्ष आमदारकी, असा चढता क्रम होता. मतदारांनी वापरून पाहिलेल्या माणसाला वरची जागा दिली होती.

पुढचा भागही तितकाच शिकवणारा आहे. २०१७ मध्ये शेट्टी भाजप आघाडीतून बाहेर पडले, २०१९ मध्ये काँग्रेस आघाडीसोबत लढले आणि शिवसेनेच्या धैर्यशील माने यांच्याकडून सुमारे ९६ हजार मतांनी हरले. २०२४ मध्ये ते दोन्ही आघाड्यांपासून दूर राहून स्वबळावर लढले आणि १ लाख ७९ हजार ८५० मते मिळवून तिसरे आले. बाहेरचा म्हणून निवडून आलेल्या माणसालाही आत आल्यावर कोणाबरोबर तरी बसावे लागते. तो कोणाबरोबर बसणार आणि कोणत्या मुद्द्यावर उठणार, हे आधी विचारणे म्हणूनच गरजेचे.

सांगलीच्या ‘लिफाफ्या’ने काय दाखवले?

२०२४ मध्ये सांगली लोकसभेची जागा महाविकास आघाडीत शिवसेना ठाकरे गटाकडे गेली. उमेदवारी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांना मिळाली. विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष लढले आणि ५ लाख ७१ हजार ६६६ मते घेऊन भाजपचे विद्यमान खासदार संजयकाका पाटील यांच्यावर लाखभर मतांनी विजयी झाले. चंद्रहार पाटील यांना ६१ हजारांच्या आत मते मिळाली.

हा निकाल अनेकदा ‘बाहेरच्याचा विजय’ म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तिघांत राजकारणाला सर्वांत नवखा होता तो पक्षाचा अधिकृत उमेदवार, कुस्तीच्या आखाड्यातून आलेला. अपक्ष उमेदवार वसंतदादा पाटील यांचा नातू होता. तो २०१९ मध्ये याच जागेवर स्वाभिमानीच्या चिन्हावर लढून सुमारे १ लाख ६४ हजार मतांनी हरला होता. निवडून आल्यावर जूनमध्येच त्याने काँग्रेसला पाठिंबा दिला. यात गैर काहीच नाही. फक्त ती पक्षाबाहेरची निवड होती, वर्तुळाबाहेरची नव्हती, एवढे स्वच्छ समजून घ्यावे. शेजारच्या कोल्हापुरात २००९ मध्ये सदाशिवराव मंडलिकही असेच पक्ष सोडून अपक्ष निवडून आले होते.

खऱ्या बाहेरच्याची वाट अवघड का?

कायदा दार उघडे ठेवतो, पण उंबरा उंच आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा लागतात. अनामत लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष, असा क्रम असतो.

चिन्हाची अडचण सर्वांत मोठी. पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे भिंतींवर असते. अपक्षाला चिन्ह मिळते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ मध्ये सांगली-हातकणंगलेत माघारीचा शेवटचा दिवस २२ एप्रिल होता आणि मतदान ७ मे रोजी. एवढ्या पंधरवड्यात लिफाफा घरोघरी पोहोचवायचा, तर ओळखीचे नाव आणि तयार यंत्रणा लागते. दोन्ही नसलेला माणूस इथेच मागे पडतो.

खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख सर्वांना सारखीच आहे. पण पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारावर केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात मिळणारी सवलत अपक्ष उमेदवाराला दिलेल्या देणगीवर मिळत नाही. शिवाय लोकसभेच्या सहा विधानसभा क्षेत्रांतील प्रत्येक केंद्रावर आपला प्रतिनिधी बसवायचा, तर शेकडो माणसे लागतात. म्हणून बाहेरच्याला पाठिंबा म्हणजे केवळ बटण दाबणे नव्हे. वर्गणी द्यावी लागते, तीही बँकेतून आणि पावती घेऊन, आणि दिवसभर बूथवर बसावे लागते.

अशा उमेदवाराला दिलेले मत वाया जाते का?

हातकणंगलेत २०२४ मध्ये पहिल्या दोघांतील अंतर होते १३ हजार ४२६ मतांचे. तिसऱ्याची मते त्याच्या तेरा पटींहून अधिक. त्यावरून ‘मते फोडली’ अशी चर्चा झाली. पण तिसरा नसता तर ती मते कोणाकडे गेली असती, हे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. त्यातील काही घरीच राहिली असती. शिवाय कोणाचेही मत कोणत्याही पक्षाची ठेव नसते, त्यामुळे ते ‘फोडले’ हा शब्दच मतदाराचा अपमान करणारा आहे.

तरीही गणित नाकारता येत नाही. आपल्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा एकटाच जिंकतो, बाकीच्यांच्या मतांचे सभागृहात काहीच उरत नाही. तिसऱ्याला मत देताना पहिल्या दोघांतील नकोसा वाटणारा निवडून आला तर चालेल का, हा प्रश्न मतदाराने स्वतःला विचारायलाच हवा. उत्तर ‘चालेल’ असेल, तर मत वाया गेले नाही. उत्तर ‘मुळीच नाही’ असेल, तर उत्साहापेक्षा हिशेब महत्त्वाचा. हा हिशेब निवडणुकीगणिक बदलतो. तोच माणूस, तोच मतदारसंघ, २००९ मध्ये जिंकवणारे मत होते आणि २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाचे.

पाठिंबा देण्याआधी काय तपासावे?

पहिले, शपथपत्र. उमेदवाराला ‘नमुना २६’ मध्ये गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण जाहीर करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालाने मतदाराला हा हक्क मिळाला. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची ही माहिती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरच मिळते. गुन्हा दिसला तर कलम पाहावे. रास्ता रोकोचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापात मोजू नये.

दुसरे, आधीचे काम. पद नसताना त्याने काय केले? पाणी, ऊसदर, रस्ता, वसतिगृह, कोणत्याही एका प्रश्नावर तो किमान दोन-तीन वर्षे टिकून होता का? निवडणुकीआधी सहा महिने उगवलेला समाजसेवक म्हणजे पहिल्याच आठवड्यात पाच तारे मिळालेला हेडफोन. शेरे कोणी लिहिले, हे आधी बघावे.

तिसरे, पैसा. संपत्ती किती यापेक्षा ती कुठून आली आणि प्रचाराला पैसे कोण देते, हे विचारावे. चौथे, निकालानंतरची भूमिका. अपक्ष म्हणून निवडून आलेला खासदार किंवा आमदार नंतर एखाद्या पक्षात गेला, तर दहाव्या परिशिष्टानुसार तो अपात्र ठरतो. बाहेरून पाठिंबा मात्र देऊ शकतो. तो कोणाला आणि कोणत्या अटीवर, याचे उत्तर सभेत, सर्वांसमोर घ्यावे. ‘जनता सांगेल ते’ हे उत्तर नव्हे.

पाचवे, विजयाची शक्यता दाखवणारी खूण कोणती? गर्दीचे ड्रोन चित्रीकरण नव्हे. किती बूथवर माणसे ठरली आहेत, हा एक प्रश्न पुरेसा आहे.

मत परत करता येते का?

हेडफोन पसंत नसेल तर मुदतीत परत करता येतो. खासदार किंवा आमदार परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. ‘नोटा’ २०१३ पासून आहे, पण ते केवळ नापसंती नोंदवते, निकाल बदलत नाही. म्हणजे जिथे परतीची सोय आहे तिथे मतदार आठवडाभर चौकशी करतो आणि जिथे ती नाही तिथे एका संध्याकाळी मन पक्के करतो. हा क्रम उलटा व्हायला हवा.

याचा अर्थ जुन्या, ओळखीच्या नावालाच चिकटून राहावे, असा नाही. मोठ्या कंपनीचाही हेडफोन सहा महिन्यांत बिघडतो, मोठ्या पक्षाचाही उमेदवार निकालानंतर दुसऱ्या दारात दिसतो. हातकणंगलेच्या शेतकऱ्यांनी २००९ मध्ये वर्गणी काढून दाखवून दिले, की कारखाना आणि घराणे नसलेला माणूसही दिल्लीला पाठवता येतो. ते जमले, कारण त्यांनी त्याला अनेक वर्षे फडात, रस्त्यावर, ऊस परिषदेत पाहिले होते.

विजयानंतर पाठीराखे घरी गेले की बाहेरचा माणूस एकटा पडतो. त्याच्यामागे पक्षाचे कार्यालय नसते, जाब विचारणारी समिती नसते. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपये सुचवता येतात, अपक्षालाही तेवढेच. त्यातले आष्ट्यात काय आले आणि का आले नाही, हे वर्षातून एकदा चौकात उभे करून विचारणारे पन्नास लोक असले, तर पाच वर्षांनी पश्चात्ताप करण्याची वेळ कमी येते. मत देण्याआधीची चौकशी एकट्याने मोबाइलवर होऊ शकते. नंतरचा हिशेब मात्र गावाने मिळूनच मागावा लागतो.